नागपूरच्या उन्हात जुनी अँबेसिडर: इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ते जिथून घेतलं ते दुकान

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो काय टाकलं ते. इंजिनमधे २०डब्ल्यू-५० मिनरल (म्हणजे साधं खनिज तेलाचं, सिंथेटिक नाही), गिअरबॉक्समधे ८०डब्ल्यू-९० पण जीएल-४ वालं, आणि मागच्या हाउजिंगमधे (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर असतात ती पेटी) ९० नंबरच पण जीएल-५ वालं. हे आकडे आणि अक्षरं म्हणजे काय ते पुढं सांगतो. गाडी अँबेसिडर मार्क थ्री, १९७७ची, पेट्रोल, तेच जुनं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन आणि हँडलवरचा गिअर. पूर्ण उन्हाळा काढला, पाऊस काढला, आता लिहून राहिलो. तिन्ही ऑइलवर मी खूश आहे आणि ज्या दुकानातून घेतलं त्याच्यावर जास्तच खूश आहे.

दुकान घाट रोडच्या बाजूला, आतल्या गल्लीत. नाव मुद्दाम टाकत नाही, शेठला विचारलं होतं तर ते म्हणाले नाव नका टाकू भाऊ, आहे तेच गिऱ्हाईक सांभाळणं होत नाही. पण त्या भागातल्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा की ऑइलवाले शेठ कुठं बसतात, तो बरोबर सांगते. दुकान लहान आहे, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागते. पण तिथली एक गोष्ट मला दुसऱ्या कुठंच मिळाली नाही, ती म्हणजे शेठ डबा उलटा करून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. पुढचं चित्र नाही, मागचं बारीक अक्षर. म्हणतात, "हे वाचा, मंग पैशाचं बोलू." बाकीकडे काय होते, तुम्ही गाडीचं नाव सांगता, काउंटरवरचा मुलगा मागच्या रॅकवरून हाताला येईल तो डबा काढून ठेवते, आणि आजकाल हाताला येते ते ५डब्ल्यू-३० नाहीतर ०डब्ल्यू-२०, कारण नव्या गाड्यांना तेच लागते.

आता हे ५डब्ल्यू-३० वाईट आहे का तर अजिबात नाही, नव्या स्विफ्टला किंवा क्रेटाला ते उत्तमच आहे. पण आपलं इंजिन कधीचं आहे ते पाहा. अँबेसिडर उत्तरपाऱ्याला बनायला लागली १९५७च्या सुमारास, मूळ गाडी इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि हे बीएमसीचं इंजिन त्याच काळातलं. त्यात क्रँकच्या (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) बेअरिंगला जी जागा सोडलेली असते ती आजच्या इंजिनपेक्षा मोकळी, त्यात चाळीस-पंचेचाळीस वर्षांची झीज. पातळ ऑइल त्यातून भसाभस निघून जाते आणि प्रेशर उभं राहत नाही. डब्यावरच्या आकड्याचा हिशोब असा की शेवटचा आकडा म्हणजे १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहते ते. ३० वालं ऑइल १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या (घट्टपणा मोजायचं एकक) मधे असते, ४० वालं १२.५ ते १६.३, आणि ५० वालं १६.३ ते २१.९. म्हणजे गरम झाल्यावर ५० वालं ३० वाल्याच्या जवळपास दीडपट-दुप्पट घट्ट राहते. आणि गरम तर इथं होणारच, नागपूरला २३ मे २०१३ला ४७.९ डिग्री झालेलं आहे, तेवढं रोज नाही होत पण ४४-४५ तर मे महिन्यात कोणी मोजत पण नाही.

पुढचा आकडा, म्हणजे डब्ल्यूच्या आधीचा, तो थंडीचा. २०डब्ल्यूची स्टार्टिंगची टेस्ट उणे १५ डिग्रीला होते. आपल्याकडे डिसेंबर २०१८च्या शेवटी ३.५ पर्यंत पारा उतरला होता तेव्हा अख्खं शहर शेकोटीला बसलं होतं, तरी त्या थंडीत पण २०डब्ल्यूला मोठी अडचण नाही. म्हणून जो माणूस सांगते की भाऊ सिंथेटिक ०डब्ल्यू घ्या थंडीत स्टार्टिंग चांगलं मिळेल, त्याला विचारा कोणती थंडी. नागपूरला ०डब्ल्यूचे पैसे देणं म्हणजे स्वेटरचे पैसे देऊन मे महिन्यात घालणं.

माझ्या गाडीत मी ऑइल प्रेशरचं मीटर वेगळं बसवून घेतलं आहे, जुनी गाडी ठेवणाऱ्या सगळ्यांनी बसवून घ्यावं असं माझं मत आहे, लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झालेला असते. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीनं १५डब्ल्यू-४० टाकलेलं होतं, ट्रकवालं, ते पण तसं चांगलं ऑइल असते. त्यावर वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत जाऊन परत आलं की सिग्नलला आयडलवर काटा दहा पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली जायचा आणि मन लागायचं नाही. २०डब्ल्यू-५० टाकल्यावर तोच रस्ता, तसंच ऊन, एसी तर गाडीत नाहीच, रहाटे कॉलनी चौकाच्या सिग्नलला उभं राहून पाहिलं तर काटा वीसच्या आसपास थांबला आणि थांबूनच राहिला. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उचलणारा भाग) आवाज पण खाली आला. पूर्ण गेला नाही, जाणारही नाही, या इंजिनचा टॅपेट थोडा बोलतोच, पण आधी कटकट होती ती आता टिकटिक झाली.

गळतीबद्दल सांगतो कारण अँबेसिडरवाल्यांचा हा कायमचा विषय आहे, आणि यात दुकानदार लोक काहीही सांगतात. या जुन्या बीएमसी इंजिनला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाहीच आहे. तिथं क्रँकवर एक आट्यासारखी खाच कापलेली आहे, क्रँक फिरला की ती खाच ऑइलला परत आत ढकलते, बस एवढीच सोय. इंजिन बंद केलं की थोडं ऑइल तिथून उतरणारच. म्हणून "सील चेंज करून घ्या" म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी विचारा की कोणतं सील. ऑइल जितकं पातळ तितकं जास्त उतरते, हे सरळ आहे. दुसरी गळती साइडच्या टॅपेट कव्हरच्या कॉर्कच्या पॅकिंगमधून, ती मात्र पॅकिंग बदलून आणि नट जास्त न आवळता थांबते. २०डब्ल्यू-५० नंतर माझ्या पार्किंगमधला डाग लहान झाला. शून्य झाला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता मिनरल का आणि सिंथेटिक का नाही. सिंथेटिकने जुनी सीलं खराब होतात हे पूर्वी खरं होतं, सुरुवातीच्या काळातल्या सिंथेटिकनं रबर आकसायचं, आता कंपन्या त्यात बरोबर मिसळण टाकतात त्यामुळं ती भीती राहिली नाही. माझं कारण वेगळं आहे. सिंथेटिकचा खरा फायदा म्हणजे ते जास्त किलोमीटर टिकते. आपण जुनी गाडी किती चालवतो, रविवारी सकाळी फुटाळा, कधी रामटेक, कधी कोणाच्या लग्नात नवरदेवाला न्यायला. वर्षाचे दोन हजार किलोमीटर पण होत नाहीत. तरीसुद्धा ऑइल वर्षाला बदलायचंच असते, कारण थोडं थोडं चालवलं की चेंबरमधे (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) पाण्याची वाफ आणि कच्चं पेट्रोल जमा होते, चोक ओढून सुरू करणाऱ्या गाडीत तर जास्तच, आणि त्याचं ॲसिड बनून बेअरिंगला लागते. मग वर्षाला टाकूनच द्यायचं असेल तर महागाचं काहून टाकावं, साधं ताजं मिनरल टाका आणि वेळेवर बदला.

झिंकबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण यावर लोक फार भांडतात. जुन्या इंजिनमधे कॅमच्या लोबवर (व्हॉल्व्ह उघडायला फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा) टॅपेट सरळ घासतो, मधे रोलर नाही. त्या जागी धातूवर धातू घासू नये म्हणून ऑइलमधे झेडडीडीपी नावाचं झिंक आणि फॉस्फरसचं रसायन असते, ते गरम आणि दाबाखाली आलं की धातूवर पातळ थर बसवते आणि झिजायचं ते त्या थराचं झिजते. पण फॉस्फरस धुरासोबत गेला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून २००४च्या एपीआय एसएमपासून (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था, एसजे, एसएल, एसएम, एसएन हे तिचे एकामागून एक आलेले दर्जे) त्याच्यावर ०.०८ टक्क्याची मर्यादा आली, आधी एसजे-एसएलमधे ०.१० होती. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते आणि इथूनच लोक घाबरतात की नवीन ऑइलनं कॅम जाईल. पुढची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, की ही मर्यादा पातळ ऑइलला आहे, म्हणजे ३० आणि त्याखालच्या ग्रेडला. २०डब्ल्यू-५०ला ही वरची मर्यादा लागत नाही. म्हणून मागं एसएल लिहिलेलं असो की एसएन, चांगल्या कंपनीच्या २०डब्ल्यू-५०मधे आपल्या कामापुरतं झिंक राहू शकते.

आणि आपल्या अँबेसिडरच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंग काही रेसिंगच्या नाहीत, मऊ आहेत, कॅमवर दाब कमी पडतो. म्हणून माझं स्पष्ट मत, ओरिजिनल इंजिन असेल तर झिंकचं एवढं टेन्शन घेऊ नका. नवीन कॅम आणि टॅपेट टाकले असतील, इंजिन नुकतंच उतरवून बांधलं असेल, तर गोष्ट वेगळी, तेव्हा पहिल्या भरणीला जास्त झिंकवालं घ्या, वाल्वोलिनचं व्हीआर-१ २०डब्ल्यू-५० किंवा लिक्वी मॉलीचं क्लासिक, ऑनलाइन मागवावं लागते आणि महाग पडते पण ती एक भरणी महत्त्वाची असते. वरून टाकायच्या झिंकच्या बाटल्या मिळतात त्या मात्र मी घेत नाही आणि शेठ पण ठेवत नाहीत. ऑइल बनवणाऱ्यानं सगळं मापून मिसळलेलं असते, त्यात आपण अंदाजानं अजून ओतलं तर जास्तीच्या झिंकनं उलट झीज वाढू शकते.

इंजिन फ्लशबद्दल पण हेच. ज्या गाडीत वर्षानुवर्षं काळा चिखल बसलेला आहे तिच्यात फ्लश टाकून पाच मिनिटं चालवलं की तो चिखल एकदम सुटते आणि पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. त्यापेक्षा साधं ऑइल टाका, हजारेक किलोमीटरवर काढून टाका, परत टाका. दोन भरणीत हळूहळू साफ होते. चेंबरचा नट काढताना गाडी गरम पाहिजे, आणि फिल्टरसोबत नवीन रबर रिंग मागून घ्या. माझ्या मिस्त्रीनं फिल्टरच्या जुन्या बाउलमधली रिंग खिळ्यानं काढून दाखवली तर ती प्लास्टिकसारखी कडक झाली होती, वाकवली तर तुटली. तीच रिंग तशीच ठेवून नवा फिल्टर बसवतात लोक आणि मग ऑइल खराब आहे म्हणतात.

आता गिअरबॉक्स. यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो.

आपल्याकडे गॅरेजमधे गिअर ऑइल म्हटलं की "नव्वद नंबर", बस. गिअरबॉक्सला नव्वद, हाउजिंगला नव्वद, स्टिअरिंग बॉक्सला पण नव्वद, एकाच डबकीतून. पण नव्वद हा फक्त घट्टपणाचा आकडा आहे, आत काय मिसळलं आहे ते त्याच्यावरून कळत नाही. ते मागं लिहिलेलं असते, जीएल-४ का जीएल-५. जीएल-५मधे गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या जवळपास दुप्पट असतात, कारण ते हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं आहे, मागच्या हाउजिंगमधे क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि फार दाब येतो. गिअरबॉक्समधे मात्र सिंक्रोच्या (गिअर बसायच्या आधी वेग जुळवणारा भाग) रिंगा पितळेच्या असतात, काही बुश ब्राँझचे असतात. गरम झालं की ती रसायनं पितळाला लागतात. आणि दुसरं असं की सिंक्रोचं कामच घासून वेग जुळवायचं आहे, ऑइल फार निसरडं असलं तर रिंग पकडतच नाही आणि गिअर टाकताना कर्र वाजते.

माझ्या एका मित्राची मार्क फोर आहे, प्रतापनगरला. त्यानं एका गॅरेजमधे गाडी दिली होती, नाव घेत नाही, तिथं दोन्हीकडे ड्रममधलं सुटं नव्वद टाकून दिलं आणि विचारलं तर म्हणाले एकच असते ना साहेब. वर्षभरात तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना आवाज यायला लागला. मी सांगितलं आधी ऑइल काढून पाहू, गिअरबॉक्स उतरवू नको. पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमधे ऑइल काढलं आणि ट्रे उन्हात नेऊन हलवला तर ऑइलमधे सोनेरी चमचम, एकदम बारीक, बोटावर घेतलं तर बोट सोनेरी झालं. मिस्त्रीनं त्यात लोहचुंबक फिरवलं, लोखंडाचा काळा कीस त्याला चिकटला आणि सोनेरी तसंच ऑइलमधे राहिलं. पितळ चुंबकाला लागत नाही. म्हणजे रिंगा झिजून राहिल्या होत्या. नवीन ऑइल, ८०डब्ल्यू-९० जीएल-४, टाकलं. गेलेलं पितळ काही परत येत नाही पण कर्र बरीच कमी झाली, आता डबल क्लच मारला (एका गिअरला क्लच दोनदा दाबला) की गिअर शांत बसतो, आणि उतरवायचा खर्च तरी सध्या टळला. गॅरेजवाल्याला हे दाखवलं तर त्यानं मान्यच केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटते, कारण त्याच्याकडे रोज कोणाची ना कोणाची जुनी गाडी येते.

माझ्या गाडीत जीएल-४ टाकल्यावर फरक पहिल्याच दिवशी जाणवला असं नाही म्हणणार. शहरात दोन-तीनदा गरम झाली, मग दुसरा गिअर जो आधी अडून बसायचा तो सरळ जायला लागला. पहिल्या गिअरला या गाडीत सिंक्रो नाही, तो गाडी थांबवूनच टाकायचा, त्याला कोणतंच ऑइल सुधारू शकत नाही, हे पण लक्षात ठेवा नाहीतर उगाच ऑइलला नावं ठेवाल.

आकड्यांमधे अजून एक गोंधळ आहे तो इथंच सांगतो. लोकांना वाटते ९० नंबरचं गिअर ऑइल म्हणजे ५० नंबरच्या इंजिन ऑइलपेक्षा किती तरी घट्ट. तसं नाही. गिअर ऑइलची पट्टी वेगळी आहे. नव्वदवालं १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्सच्या मधे असते, म्हणजे ते आणि ५० वालं इंजिन ऑइल जवळपास सारखंच. म्हणूनच एमजीबीसारख्या बीएमसीच्या काही इंग्लिश गाड्यांत कंपनीच गिअरबॉक्समधे २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल टाकायला सांगायची आणि ते व्यवस्थित चालते. उन्हाळा आहे म्हणून १४० नंबर टाकू का असं एका काकांनी मला विचारलं होतं. १४० म्हणजे २४च्या वर, ते खरोखर घट्ट असते, हाउजिंग फार वाजत असेल तर तिथं एखादे वेळी ठीक, गिअरबॉक्समधे मात्र सकाळच्या वेळी दुसरा गिअर पडणार नाही. तुमच्या गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यात काय लिहिलं आहे ते आधी पाहा, माझं ऐकू नका, मॅन्युअलचं ऐका.

काही डब्यांवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेलं असते. ते चांगल्या कंपनीचं असेल तर पितळाला जपायची सोय त्यात केलेली असू शकते, पण मी जुन्या गिअरबॉक्समधे टाकत नाही, सरळ फक्त जीएल-४ मिळत असताना प्रयोग कशाला. आणि मिळते, नागपूरला ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांमुळं जीएल-४ची अडचण नाही, फक्त मागावं लागते. एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा, जवळपास एकाच नावाचा डबा, एकात ४ आणि दुसऱ्यात ५, हे शेठनं काउंटरवर बाजूबाजूला ठेवून दाखवलं. पुढून पाहिलं तर फरक ओळखू येत नव्हता.

हाउजिंगबद्दल फार काही नाही, जीएल-५ नव्वद, मागच्या नटाच्या काठापर्यंत, जास्त भरलं तर ॲक्सलच्या टोकाला येऊन ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. श्वास घ्यायचं छोटं भोक असते ते मातीनं बंद झालेलं असते, तारेनं साफ करून घ्या.

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक जुनी गाडी आहे, आपल्याकडे दोन-चार तरी डब्ल्यू-१२३ मर्सिडीज दिसतात, त्यांच्यासाठी एवढंच की लाल रंगाचं सगळं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) एकच नसते. त्या गाड्यांना डेक्सरॉन जातीचं जुन्या पद्धतीचं एटीएफ लागते, सीव्हीटीचं (बिनटप्प्याची ऑटोमॅटिक) किंवा नव्या सहा-आठ गिअरच्या गाड्यांचं नाही. लेव्हल पाहायची ती गाडी पूर्ण गरम करून, इंजिन चालू ठेवून, पी वर टाकून. थंड गाडीत पाहून टॉपअप केलं की गरम झाल्यावर जास्त होते, फेस होतो आणि गिअर घसरायला लागतात. शेठकडे ते एटीएफ आहे पण मी स्वतः वापरलेलं नाही म्हणून त्याबद्दल मत देत नाही.

डुप्लिकेट मालाचं आता सांगतो, कारण चांगलं ऑइल निवडूनही डब्यात दुसरंच निघालं तर सगळं वाया. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे भंगारातून उचलून भरले जातात हे काही गुपित नाही. शेठकडे गिऱ्हाइकासमोर झाकण उघडतात, आतलं चांदीचं सील शाबूत आहे ते दाखवतात, डब्यावरचा बॅच नंबर आणि झाकणाजवळचा जुळतो का पाहू देतात, कोड असेल तर स्कॅन करू देतात. आणि डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोक पाडून मगच भंगारात टाकतात, हे मी दुकानात उभा राहून पाहिलं आहे. तुम्ही पण घरी नेलात तर असंच करा, डबा तसाच विकू नका. जळालेलं ऑइल नालीत ओतू नका, शेठ ते परत घेतात आणि जमा करून गोळा करणाऱ्याला देतात.

दुकानात कमी काय आहे ते पण लिहितो. पार्किंग नाही, अँबेसिडर घेऊन गेलात तर मुख्य रस्त्यावर लावून चालत जावं लागते. दुपारी जेवायला बंद असते आणि ती वेळ काही ठरलेली नाही. ऑइल बदली करून देत नाहीत, फक्त विकतात. भाव छापील किमतीपेक्षा थोडा कमी लावतात पण ऑनलाइन जेवढा दिसतो तेवढा नाही, आणि मला ते मंजूर आहे कारण ऑनलाइनवाला सील उघडून दाखवत नाही. बिल मागितलं की पक्कं देतात. कार्ड चालत नाही, यूपीआय चालते.

रेटिंग द्यायचं तर २०डब्ल्यू-५० मिनरलला पाचापैकी साडेचार, अर्धा कापला कारण पहाटे एकदम थंड असताना स्टार्टर थोडा जड फिरतो. जीएल-४ला पूर्ण पाच. दुकानाला साडेचार. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्या पानाचा फोटो काढून न्या, शेठ चष्मा लावून आधी तो वाचतात. इंजिनला चार लिटरच्या आसपास आणि गिअरबॉक्सला दोन लिटरहून थोडं जास्त लागलं माझ्या गाडीत, पण डिपस्टिक पाहत भरा. जीएल-४चे एक लिटरचे डबे ते मोजकेच ठेवतात, संपले की पुढचा माल येईपर्यंत थांबावं लागते, म्हणून मिस्त्रीकडे गाडी सोडायच्या आधी ऑइल घरात आणून ठेवा, आणि एक डबा जास्तीचा घ्या, टॉपअपला लागतेच.